शेजारी ठेवलेल्या किल्ल्या

चौगुल्यांनी गाव सोडलं त्या दुपारी त्यांचं स्वयंपाकघर आमच्या माजघराला येऊन चिकटलं. मी तांदूळ निवडत बसले होते. भिंतीला आधी फट पडली, फटीचं दार झालं आणि दारापलीकडे चौगुल्यांचा ओटा दिसला, मिसळणाचा डबा दिसला, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी दिसली. गॅसवर दूध तसंच तापत होतं. मी उठले आणि गॅस बंद केला. चौगुलेवहिनी पहिल्यापासूनच धांदरट.

त्यांच्या बाकीच्या खोल्या संध्याकाळपर्यंत एकेक करून आल्या. शेवटी न्हाणीघर आलं, ठिबकणाऱ्या नळासकट. तो नळ दुरुस्त करून घ्या म्हणून मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं. आता तो माझ्याच घरात ठिबकणार होता.

हे सगळं झालं कारण त्यांची किल्ली माझ्याकडे होती. आमच्याकडे परगावी जाताना किल्ली शेजारी द्यायची रीत आहे. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, किल्ली शेजारणीच्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, "असू दे तुमच्याकडं. तुळशीला तेवढं पाणी घाला." शेजारणीनं नाही म्हणायचं नसतं. जाणारे लग्नाला चार दिवस जात असोत की कायमचे, किल्ली घ्यायची आणि खिळ्याला अडकवायची. तोंडाची मी फटकळ, हे गल्लीत कुणालाही विचारा. पण समोरच्यानं हात पुढे केला की माझाही हात पुढे जातोच. आमचे हे हयात होते तेव्हा म्हणायचे, "सुलू, तुझा हात एक दिवस तुला गोत्यात आणणार." माणूस गेला, पण शब्द खरा करून गेला.

आमचं गाव नदीच्या अलीकडे. पलीकडे दुसरं राज्य लागतं आणि तिकडे कर कमी. इकडे यंत्रमाग चालवला तर कर होता आणि बंद ठेवला तर निराळा कर होता. म्हणून आधी यंत्रमाग गेले. मग कामगार गेले, मग त्यांना चहा देणारे गेले, मग चहावाल्यांना दूध घालणारे गेले. जाणाऱ्याचा वाटा उरलेल्यांवर वाटून यायचा, आणि तो पेलवेना म्हणून उरलेल्यांतले आणखी काही जायचे. शेंबड्या पोरालाही कळेल असं हे गणित, पण सरकारला कुठलीही गोष्ट कळायला वेळ लागतो. लोकांकडचे पैसे संपले तेव्हा सरकारनं उंची घ्यायला सुरुवात केली.

वसुलीला कारदगे साहेब येतात. माणूस सभ्य आहे. चपला बाहेर काढतात, प्यायला पाणी मागतात, भांडं स्वतः विसळून पालथं घालतात. मग खिशातून शिंप्याची टेप काढतात.

"काकू, भिंतीला टाचा टेकवा."

मी टाचा टेकवते. ते टेप माझ्या डोक्यावर धरतात, हलकेच खाली ओढतात आणि जेवढं निघेल तेवढं गुंडाळून पिशवीत टाकतात. दुखत नाही. कानाला जरा दडे बसतात, एवढंच.

चौगुले गेल्यानंतरच्या फेरीला त्यांनी टेप नेहमीपेक्षा जास्त ओढली.

"का वं एवढी?" मी विचारलं.

"तुमच्या खोल्या वाढल्या."

"त्या चौगुल्यांच्या हाईत."

"किल्ली कुणाकडं आहे?" त्यांनी खिळ्याकडे बघितलं. "मग खोल्या तुमच्या."

"एवढ्या उंचीचं करतासा तरी काय?"

"पुलाला लागते. नदीवर नवा पूल होतोय. खांब उंच पाहिजेत."

"आन् पूल कशाला?"

"लोकांना पलीकडं जायला सोय नको का?" साहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना थट्टा येतच नाही.

माणसं बुटकी होत गेली तशी गावाची रया गेली. एसटी थांबेनाशी झाली, कारण थांब्यावर कुणी दिसतच नाही असं ड्रायव्हरचं म्हणणं. बँकेचं काउंटर लोकांना उंच पडायला लागलं, तेव्हा बँकेनं काउंटर खाली न आणता शाखाच पलीकडे नेली. न्हाव्याच्या दुकानात बाप्यामाणसांनाही खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवायचे. मग न्हावी गेला. शाळेचे हेडमास्तर गेले, दवाखान्याचे डॉक्टर गेले, गुरवही गेला. प्रत्येकानं जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि प्रत्येकाच्या मागोमाग त्याच्या खोल्या आल्या. वर्गाच्या दोन खोल्या आमच्या देवघराला लागल्या. न्हाव्याचं दुकान जिन्याखाली बसलं. खिळा पुरेना तेव्हा मी सगळ्या किल्ल्या एका दोरीत ओवल्या आणि दोरी कमरेला बांधली.

जाणाऱ्यांची उंची मात्र परत यायची. किल्ली हातातून सुटली की माणूस गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पूर्वीएवढा व्हायचा. ती उंची कुठून येते हे साहेब मला पुढच्या फेरीला टेपनं दाखवायचे.

मी हे सगळं सोसलं असतं. एकट्या बाईला उंची लागते किती? वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवले की झालं. पण वृषालीला दिवस गेले.

वृषाली माझी एकुलती एक लेक. लग्न होऊन नदीपलीकडे गेली, ते पूल व्हायच्याही आधी. सातवा सरत आला तेव्हा तिचा फोन आला.

"आई, मी कधी येऊ?"

"कशाला?"

"कशाला काय? पहिलं बाळंतपण माहेरातच असतंय न्हवं?"

असतं. मीही माझ्या आईकडे गेले होते. आणि खरं सांगायचं तर मी तयारीही केली होती. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती. डिंक आणला होता, अळीव आणले होते, बाळाला घालायला कुंच्या केल्या होत्या. लेक येणार, तिच्या अंगाला तेल लावणार, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणार, या एका गोष्टीवर मी त्या रिकाम्या गावात दिवस काढत होते. मी तिला म्हटलं, जरा थांब, कळवते.

पुढच्या वसुलीला मी साहेबांना विचारलं, "समजा, इथं एखादं मूल जन्माला आलं तर?"

"पहिला आवाज केला की रहिवासी."

"आन् रहिवासी झालं की?"

"वाटा येतो."

"बाळ असतंय केवढं वं, साहेब?" मी दोन हातांनी माप दाखवलं. "हातभर लेकरू. त्यातनं तुम्ही काढणार काय आन् ठेवणार काय?"

साहेबांनी माझ्या दोन हातांमधली जागा बघितली. टेप खिशात होती, तिला त्यांनी हात लावला आणि परत सोडली. "नियमात लहानमोठं असं काही नाही," ते म्हणाले आणि भांडं विसळायला गेले.

मी त्याच क्षणी ठरवलं. वृषालीनं इकडे पाऊल टाकायचं नाही, मीच तिच्याकडे जायचं. तिला फोनवर सांगितलं की यंदा माहेरच तुझ्याकडे येणार. ती हसली. कारण मात्र मी सांगितलं नाही. दोन जिवांच्या बाईच्या कानावर असलं काही घालू नये, असं आमच्यात म्हणतात, आणि मी ते पाळलं.

अडचण किल्ल्यांची होती. पुलाच्या नाक्यावर किल्ली जवळ असेल तर सोडत नाहीत. मी जुडगा घेऊन नदीवर गेले आणि गळ्याएवढ्या पाण्यात शिरून तो लांब फेकून दिला. घरी येऊन भाताला तांदूळ काढायला डबा उघडला तर जुडगा तांदळात होता, ओला, शेवाळ लागलेला. मग मी साहेबांनाच गळ घातली.

"साहेब, एवढं धरा की जरा."

त्यांनी हात पुढे केला. मी जुडगा ठेवला. तो त्यांच्या तळहातातून पाण्यासारखा निघाला आणि खाली पडला.

"माझ्या हातात नाही राहायची," ते म्हणाले. "इथल्या रहिवाशाच्याच हातात राहते. मी पलीकडं राहतो."

"तुम्ही पलीकडं राहता?"

"इथं कोण राहणार, काकू? परवडत नाही."

गावात आता रहिवासी म्हणून मी सोडून एकच जीव उरला होता. समोरची चंपाक्का. तिची पिठाची गिरण आहे. आमचं दोघींचं सांडपाण्यावरून भांडण होतं, आणि ते इतकं जुनं की ते पाणी पहिल्यांदा कुणी सोडलं हे दोघींनाही आठवत नव्हतं. तरी सणाला एकमेकींच्या घरी पुरणपोळी गेली नाही असं कधी झालं नाही. चंपाक्काही माझ्याएवढीच खुजी झाली होती. स्टुलावर स्टूल ठेवून ती गिरणीत धान्य ओतायची. दळायला कुणी आणायचं नाही, तरी गिरण गंजू नये म्हणून आपलेच जोंधळे दळायची आणि पीठ पुन्हा दळायची.

दोघींचंही एकमेकींवर लक्ष होतं. मी खिडकीत गेले की ती तिच्या खिडकीत असायची. दोघींपैकी जी आधी किल्ली देईल ती सुटणार होती आणि जी उरेल तिला सगळं गाव अंगावर घ्यावं लागणार होतं. हे आम्ही बोललो नाही. "जेवलीस का?" ती विचारायची. "जेवलो की," मी म्हणायची. आणि दोघी एकमेकींच्या दारात बॅग दिसते का बघायचो.

मला चंपाक्काला फसवायचं नव्हतं. पण माझं हातभर लेकरू माझ्या दोन हातांच्या मध्ये मला दिवसभर दिसायचं. मग मी मन घट्ट केलं. दुपटी, कुंच्या, डिंकाचे लाडू असं सगळं पिशवीत भरलं. जुडगा पदराखाली घेतला. तिला म्हणायचं ठरवलं की अक्का, जरा हात पुढं कर. न्याहारी करून निघाले, तर बाहेरच्या दारापर्यंत येईतो ऊन डोक्यावर आलं. घर तेवढं लांब झालं होतं.

दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर चंपाक्का उभी. हातात पितळी ताट. ताटात नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकवाचा करंडा.

"आत घेतीस का बाहीरच उभी करतीस?" ती म्हणाली.

"हे काय?"

"तुझी ओटी भरायला आलोय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "डोकं फिरलंय का अक्का? माझी ओटी? विधवा बाईची?"

"मग? बघायला कोण ऱ्हायलंय गावात? तू आन् मी. आजी व्हनार हाईस, लेकीकडं निघालीस, आन् रिकामी जानार व्हय?"

तिनं करंडा उघडला आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं बोट गार होतं. आमचे हे गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. हळदीकुंकू असलं की मला स्वयंपाकघरात बसवायचे, दूध आटवायला. बाहेर बायकांची हसण्याची गडबड चालायची आणि मी पातेल्यात डाव फिरवत राहायची. एकदाही कुणी म्हटलं नाही की सुलू, तूही ये. मला वाटायचं मला त्याचं काही वाटत नाही. त्या दुपारी कळलं की वाटत होतं, फार वाटत होतं. मी हुंदके देऊन रडले आणि रडता रडताच दोन्ही हातांनी पदर पसरला.

चंपाक्कानं ओंजळीनं तांदूळ घातले. नारळ ठेवला. खण ठेवला, सुपारी ठेवली. मग आणखी एक ओंजळ. त्या ओंजळीतलं काहीतरी जड होतं, गार होतं, आणि तांदळातून घसरत माझ्या बोटांपाशी आलं. तोवर तिनं माझ्या पदराची टोकं एकत्र करून माझ्याच मुठीत दाबली होती.

"असू दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "गिरनीच्या पट्ट्यावर तेवढं लक्ष ठेव."

भरलेली ओटी परत करता येत नाही. तिलाही ते माहीत होतं.

तीही रडत होती. तिचं ते कुंकू खोटं नव्हतं आणि रडणंही खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी तिला गल्लीभर शिव्या घालत गेले असते. ती मागं न बघता निघाली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती होती तेवढी उंच झाली. तिचा जुना पाठीचा बाकसुद्धा परत आला. मी पदर तसाच धरून उभी राहिले, आणि माझ्या मागे घरात कुठेतरी पिठाची गिरण सुरू झाली.

त्यानंतर गाव असं काही बाहेर उरलं नाही. सगळं आतच आलं. देऊळ आलं, पाण्याची टाकी आली, बाजारकट्टा आला. उंबऱ्याबाहेर नदी आणि पूल, बस्स. साहेब आले तेव्हा टेप जमिनीपाशी नेण्यासाठी त्यांना उकिडवं बसावं लागलं. ते गेले तेव्हा मी माठाच्या तिवईशेजारी उभी राहिले, तर माझं डोकं माठाच्या बुडाला लागलं. एका अर्थी सोयच झाली. तिवईखाली दुपारचं गार वाटतं.

फोन आता उंचावर होता. तो वाजला की मी पाटावर पाट रचून चढायची.

"आई, कधी येणार?" वृषाली विचारायची.

"येते."

"रोज येते म्हणतीस. आवाज असा बारीक का गं तुझा?"

"घसा बसलाय. तू तेवढी इकडं येऊ नको."

"का पण?"

"नको म्हटलं की नको."

मला वाटायचं, एवढं तोडून बोलल्यावर ती येणार नाही. लेक आपलीच आहे हे मी विसरले. तिला कुणी नको म्हटलं की ती तेच करणार, मीही तेच केलं असतं.

दारावरची घंटा वाजली तेव्हा मी गिरणीच्या पट्ट्याला तेल घालत होते. गिरण घराच्या पार मागच्या टोकाला. वसुलीचे साहेब घंटा वाजवत नाहीत, कडी वाजवतात. घंटा वाजवून ती दाबूनच धरायची सवय एकाच माणसाला. मी धावत सुटले. बाजारकट्ट्यावरून उड्या मारत गेले, टाकीला वळसा घातला, बँकेच्या काउंटरखालून निघाले, वर्गातल्या बाकांमधून पळाले. फळ्यावर हेडमास्तरांनी शेवटच्या दिवशी लिहिलेला सुविचार अजून होता. घंटा वाजतच होती. देवघरापर्यंत आले तेव्हा ती थांबली, आणि थांबली याचाच मला जास्त धसका बसला. जुडगा पायात येत होता. मी दोनदा पडले.

बाहेरच्या खोलीत वृषाली उभी होती. एका हातानं दाराची चौकट धरली होती, दुसरा पोटावर. माझं पोर मला एखाद्या टॉवरएवढं वाटलं.

तिनं आधी समोर बघितलं. मग खाली बघितलं.

"आई," ती म्हणाली, "केवढीशी झालीस गं."

"परत फिर. आत्ताच्या आत्ता फिर."

"तू आजारी हाईस असं वाटलं मला. हे नको म्हनत हुते, तरी रिक्षा करून आले." तिनं दात आवळले. "पुलावरच कळा सुरू झाल्या."

"मग अजून वेळ हाय. चल, मी येते पुलापर्यंत." मी तिची साडी धरून ओढली. आम्ही दारातच होतो, पण दोन पावलं टाकली तर खोली चार पावलं लांबली. आणखी दोन टाकली तर दार पेटीएवढं दिसायला लागलं. वृषाली भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"हे कमरंला काय ओझं बांधलंयस? त्यानंच तुला चालवंना." तिनं वाकून जुडगा हातात घेतला. तो तिच्या बोटांमधून गळून फरशीवर पडला. तिनं परत उचलला, परत पडला. "असं का?" तिनं विचारलं.

"तू पलीकडची," मी म्हटलं आणि दोरी पुन्हा कमरेला बांधली. लेकीला असं सांगायची वेळ कुठल्याच आईवर येऊ नये.

मग बोलायला सवड राहिली नाही. मी डॉक्टरांच्या खोलीतून कात्री आणली. चौगुल्यांच्या ओट्याशी पाटांची उतरंड रचून पाणी उकळलं. दुपटी आणली. वृषालीनं माझा हात धरला तर माझा अख्खा दंड तिच्या मुठीत मावला. ती कळ देत होती आणि मी मनात एकच म्हणत होते, हळू, बाळा, आवाज नको.

दुपार कलायच्या आत मुलगी झाली. हातभर लांब, जवळजवळ माझ्या निम्म्यानं. निळसर. डोळे मिटलेले. ती रडली नाही.

मी तिला दुपट्यात धरून बसले. एक क्षण, खोटं बोलणार नाही, एक क्षण मला फार बरं वाटलं. आवाज नाही म्हणजे रहिवासी नाही. वाटा नाही, टेप नाही. घरातल्या सगळ्या खोल्या गप्प होत्या. गिरणसुद्धा थांबली होती.

"आई," वृषाली म्हणाली. तिनं मान उचलली. "रडत का न्हाई ती?"

मी दुपट्याची घडी सारखी केली.

"आई, तिला रडव की गं. आई!"

निळा रंग ओठांवरून गालांवर आला. मी तिला उलटी धरली. माझ्या हातांना ती पेलवत नव्हती. मी तिच्या तळव्यावर चापटी मारली. काही नाही. दुसरी मारली. मग माझ्या तोंडून शब्द फुटला, "रड! रड गं माझे बाई, रड!" आणि मी इतक्या जोरात मारली की माझा स्वतःचा हात झिणझिणला.

ती रडली. तो आवाज बाहेरच्या खोलीतून माजघरात गेला, तिथून चौगुल्यांच्या स्वयंपाकघरात, वर्गांतून, बँकेतून, देवळातून पार गिरणीपर्यंत गेला. तो परत येईपर्यंत तिचे गाल गुलाबी झाले होते. वृषाली हसत होती आणि रडत होती. मीही तेच करत होते.

बाहेर उंबऱ्यापाशी कुणीतरी चपला काढल्या.

मी घाईघाईनं बाळाला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि वृषालीच्या कुशीत ठेवलं. दुपट्यातून एक हात बाहेर राहिला होता. तो आत घालायला मी जवळ सरकले. मी एवढीशी, बाळ जमिनीवर अंथरुणात, आणि कमरेचा जुडगा बरोबर तिच्या हाताशी. तिचा तळवा किल्लीला लागला. तान्ह्या बाळाच्या तळव्याला काहीही लागलं तरी ते मूठ मिटतं. तिनं मूठ मिटली.

किल्ली गळून पडली नाही.

माझ्या कमरेची गाठ आपोआप सुटली. दोरी सरसर निघाली आणि सगळा जुडगा बाळाच्या मुठीखाली गोळा झाला. घराच्या मागच्या टोकाला एक दार लागल्याचा आवाज आला. मग त्याच्या अलीकडचं दार लागलं, मग त्याच्या अलीकडचं. माझ्या कानांतले दडे सुटले. माठ खाली गेला. पाटांची उतरंड खाली गेली. वरच्या फळीवरचे डबे माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि बाहेरचं दार, मघाशी पेटीएवढं झालेलं ते दार, हाताच्या अंतरावर येऊन उभं राहिलं. दारातून पूल दिसत होता.

"आई, दार बघ," वृषाली म्हणाली. "चल, उठव मला. तिला घे."

तिनं बाळाच्या पाठीखाली हात घातला आणि उचलायला गेली. बाळ हललं नाही. तिनं दोन्ही हात घातले. बाळ तसंच राहिलं, शांत, मूठ मिटून.

"आई, ही उचलत का न्हाई?"

दाराची कडी वाजली. "पाणी मिळेल का जरा?" कारदगे साहेबांनी विचारलं.

माझा हात नेहमीसारखा पुढे गेला, त्या मुठीतली किल्ली घ्यायला. पण तो पोचला नाही. मी उंच झाले होते. मला वाकावं लागणार होतं.